अण्णांचा फिरता वाईस

मासे धरणाऱ्यांकडे मासे कमी आणि किस्से जास्त असतात. आमच्या कळंबच्या चौकडीकडे तर मासे न मिळण्याचेच किस्से आहेत. ते सडत नाहीत, म्हणून साठत जातात.

अण्णा चित्रकलेचे रिटायर्ड मास्तर. गळाला पिसं आणि दोरा गुंडाळून ते अशी माशी बनवायचे, की डिंभे धरणाच्या पाण्यातल्या चिलापी माशाला ती खरी वाटायची. एकदा आमच्या हिलाही वाटली. तिने ती चपलेने मारली.

मग अण्णांना लकव्याचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं आलं, डावा हात काही आला नाही. त्यांनी पिसांचा डबा माळ्यावर टाकला आणि ओट्यावर बसणंही सोडलं. मला ते बघवत नव्हतं.

*

पोल्ट्रीवाल्या बाळूने व्हिडिओ बघून शोध लावला: रोटरी वाईस, म्हणजे फिरता शिकंजा! जबड्यात गळ धरायचा, दांडी फिरवायची, गळ जागच्या जागी फिरतो आणि दोरा आपोआप गुंडाळतो. एका हाताचं काम.

मी म्हटलं, विकत कशाला? माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. कॉइलच्या मशीनवर गळ बसवला आणि सवयीने हात चालवला. थांबलो तेव्हा गळ दिसतच नव्हता.

अण्णांनी ती माशी तळहातावर तोलली. "किती हॉर्सपॉवरची हाये?"

*

शेवटी ऑनलाइन दोन मागवले. बाळूच्या पसंतीचा पितळी, चकचकीत. माझ्या पसंतीचा ओबडधोबड, बेअरिंगवाला. निवडायला बसवलं शांतीशेठना.

शेठ आमच्यातले चौथे. हार्डवेअरचं दुकान, जैन, शाळेत अण्णांच्या शेजारी एकाच बाकावर बसलेले. दुकानात उंदराचा सापळाही ठेवत नाहीत. धरणावर आमच्याबरोबर येतात, पण पाण्याकडे पाठ करून बसतात.

गळाला हात लावायचा नाही, म्हणून त्यांनी दोन्ही जबड्यांत शिवणाची सुई धरून ओढली. बाळूच्या वाईसमधून ती निसटली. माझ्यात तुटली, पण सुटली नाही.

"हा ठेवा. पुढचं पाप तुमचं तुमी बघा."

*

वाईस अण्णांच्या ओट्यावर बसवला. अण्णांनी उजव्या हाताने दांडी फिरवली. गळ झकास फिरला, दोरा खाली लोंबत राहिला. दोरा धरला, तर दांडी फिरवायला कोणी नाही. व्हिडिओतल्या माणसाला दोन हात होते, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

अण्णा आत जायला उठले. तेवढ्यात शेठनी पुढे होऊन दोरा चिमटीत धरला.

"फिरव," ते म्हणाले.

*

तेव्हापासून शेठ रोज दुपारी दुकान मुलावर टाकून ओट्यावर हजर. अण्णाही पुन्हा हसायला लागले. माश्या पहिल्यापेक्षा देखण्या झाल्या. फक्त मासा लागेना. चिलापी यायची, माशी तोंडात घ्यायची आणि सोडून जायची. बाळूने पाण्याला दोष दिला, मी दोरीला.

एक दिवस चष्मा लावून गळ बघितला. टोकच नव्हतं! कानशीने घासून गुळगुळीत केलेलं. डब्यातल्या सगळ्या माश्यांचं तेच. आमच्यात खिशात कानस घेऊन फिरणारा माणूस एकच.

शेठ यायच्या आधी अण्णांना गाठलं आणि गळ दाखवला.

"ठाव हाये मला," अण्णा म्हणाले. "मी चहाला आत गेलो, की घासतो त्यो."

"मग तुमी काय बोलला न्हाई?"

अण्णांनी दांडी हळूच फिरवून बघितली.

"हल्ली मी दोनदा जातो चहाला. एका खेपेत त्याचं उरकत न्हाई."