मिशीची मुभा

पलटणीतल्या त्या हुकमाचा राग मला आजही येतो. पहिल्या महायुद्धात आम्ही बसऱ्याला होतो. तोवर मिशीला वस्तरा लावला की शिक्षा ठरलेली. एक दिवस सगळ्यांना उभं करून वाचून दाखवलं: यापुढे हवी त्याने मिशी ठेवावी, नको त्याने काढावी. तिथली वाळू मिशीत बसे, घामाने चिकटे. मी त्याच दिवशी काढून टाकली. आमच्याकडे बाप गेल्यावरच मिशी उतरते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सगळी तुकडीच गुळगुळीत झाली होती, आणि अक्कल गहाण पडायला तेवढं पुरतं.

रजेवर आलो. मालेगावला उतरलो तर बहिणीचे सासरे समोर. माझं तोंड पाहून त्यांचा चेहराच पडला.

"कदी झालं रे?"

मला वाटलं, रजा विचारतात. "पंधरा दिवस झाले, मामा."

"आन् आमाले सांगतलं बी नाही?"

"तिकून कसं सांगू? साहेबानं सोडलं तसा निघालो."

ते डोळे पुसत घराकडे वळले. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून मी दोन कोस पायी गाव गाठलं.

बाबा ओसरीवर भाकर खात होते. मला पाहून हातातला घास त्यांनी परत ताटात ठेवला.

"मी मेलो काय रे?"

मी हुकूम समजावून सांगू लागलो, तोच दारात बैलगाडी थांबली. बहीण हंबरडा फोडतच खाली उतरली, मागे सासरची चार माणसं. आणि ज्यांच्यासाठी रडायचं ते समोर बसलेले, ओठाला चटणी लागलेली. शेजारीपाजारी पोट धरून हसले. बाबा हसले नाहीत.

रजेचे दहा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी दिवसातून चारदा ओठ चाचपे. मेली मिशी काही रजा बघून उगवत नाही. त्यांच्यासोबत तुरीत गेलो तर ते उठून दुसऱ्या ओळीला लागत. निघताना पाया पडलो. डोक्यावर हात आला नाही. आईकडे बघून म्हणाले, "त्याले सांग, मिशी आल्यावर ये म्हना."

चुलीत गेली ती मुभा, म्हणत मी मिशी वाढवली. सोबती चेष्टा करत. मी तेल लावून पीळ देई. लढाई संपली, सुटलो. मालेगावला बहिणीकडेही थांबलो नाही. आधी बाबांना तोंड दाखवायचं होतं.

गावाच्या वेशीत न्हावी बसला होता. तो माझ्या मिशीकडे बघतच राहिला.

"तुले पत्र नाही भेटलं काय?"

 त्याने मला बसायला पोतं सरकवलं आणि धोपटीतून वस्तरा काढला.