पाणी मागणारी मुमताज

मुमताज तडवी कुणाच्याही घरात शिरली की आधी पाणी मागायची. तहान असो नसो. तांब्या हातात आला की एक घोटही मागे न ठेवता सगळं प्यायची, ओढणीनं ओठ टिपायची आणि विचारायची, "कुणी आणलं हो हे पाणी?"

प्रश्न एवढाच. समोरची बाई हसायची. "कोण आणणार? मीच." आणि मग त्या बाईचं तोंड सुरू व्हायचं. विहीर किती खाली आहे, नळाला तोटी आहे पण पाणी नाही, सून का येत नाही, नवरा यंदा कुठल्या कारखान्यावर ऊस तोडतोय, पोरीला शाळेतून का काढली. चहा यायचा. पोहेही यायचे. मुमताज वही उघडायची नाही, मान डोलवत बसायची. आणि मी? मी दुसऱ्या वस्तीत, छापील प्रश्न मांडीवर घेऊन, उत्पन्न विचारायची, शिक्षण विचारायची. मला उत्तर मिळायचं, "बरं हाय."

तिचा हेवा वाटला असं मी म्हणणार नाही. हेवा हा शब्द थोडा सभ्य आहे.

विद्यापीठात एम.ए. झाल्यावर आमच्या सरांनी आम्हां दोघींना एका अभ्यासाला घेतलं. सोयगावच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी बंजाऱ्यांचे तांडे आहेत आणि तडवी भिल्लांच्या वस्त्या आहेत. माती एकच, पाऊस एकच. मग दोघांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती सारखी का नाही, हे शोधायचं होतं. मी शोभा राठोड, बंजारा, तांड्यातली पहिली ग्रॅज्युएट. अभिनंदनाचा माझा फ्लेक्स तांड्यावरच्या शाळेच्या भिंतीला रंग उडेपर्यंत होता आणि तो कुणी काढू नये म्हणून माझा बाप नजर ठेवून असायचा. मुमताज तडवी. तडव्यांची नावं मुसलमानी, निकाह काजी लावतो, पण हळद आमच्यासारखीच दणक्यात लागते. तीही घरातली पहिलीच ग्रॅज्युएट. फक्त तिचा फ्लेक्स कुणी लावला नव्हता.

शहरात, गारखेड्याला, एका काकूंच्या गच्चीवरची खोली आम्ही दोघींनी मिळून घेतली. काकूंनी माझं आडनाव ऐकलं आणि मान हलवली. मग तिला विचारलं, "तडवी म्हणजे नक्की कोण?"

"पाणी पिणारे, काकू," मुमताज म्हणाली. "आणता का जरा?"

काकू पाणी घेऊन आल्या. पाचव्या मिनिटाला त्या पुण्यातल्या मुलाबद्दल बोलत होत्या. खोली मिळाली. भाडं ठरवताना काय बोलायचं ते मी मनात घोकून आले होते, पण ते घोकलेलं बोलायची वेळच आली नाही.

भांडण आमचं रोजचं. ती अनुसूचित जमातीत, आम्ही विमुक्त जातीत. एकदा कसल्या तरी भरतीची जाहिरात बघून मी म्हणाले, "तुमचं बरं आहे. तुझ्या दाखल्यावर जागा रिकामी राहते. माझ्या दाखल्यावर रांग लागते."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "रिकामी का राहती ते बी विचार की. बसायला पोरगीच पोचत नाय तिथवर."

"ते तुमचं तुम्ही बघा."

"बघतेच हाय. तुमच्यात एक शिकला की धा जणांना वर ओढतो. मास्तर, फौजदार, पुढारी, सगळं हाय तुमच्यात. आमच्यात एक शिकला की तो तालुक्याला घर बांधतो, अन् ईदला येतो मटण खायला." भाकरी तव्यावर टाकून ती पुढे म्हणाली, "आणि राठोडबाई, तुम्हाला भाषा हाय. तू फोनवर आईशी बोलतीस तवा मला एक अक्षर कळत नाय. मला लई राग येतो त्याचा."

"शिकवू का?"

"तू नको. तू शिकवताना मार्क देशील."

मला वाटलं होतं, हेवा करायचा हक्क माझ्या एकटीचा आहे. तिनं त्यातही वाटा घेतला.

सरांनी नियम असा घातला होता की आपल्या माणसांत आपण जायचं नाही. "आपल्या घरात माणूस आंधळा असतो," ते म्हणाले. म्हणून मी तडव्यांच्या वस्तीत आणि मुमताज आमच्या तांड्यात. अभ्यास संपल्यावर पुढचं मोठं काम होतं, पीएच.डी.सकट, पण ते एकीलाच मिळणार होतं. हे सरांनी पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगितलं होतं. मला ते हवं होतं. दसऱ्याला कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्या माझ्या आईबापांना आता घरी बसवायचं होतं. मुमताजला का हवं होतं, ते मी विचारलं नाही.

तिच्या वस्तीत मी तिच्या बाबांना भेटले. पिवळट फेटा, शांत माणूस. त्यांनी खाट टाकली, वर सतरंजी टाकली, चहा दिला. मी प्रश्न विचारले. सगळ्या प्रश्नांना त्यांनी "बरं हाय" म्हटलं. शेवटी त्यांनीच मला एक विचारलं, "तुमच्या तांड्यातल्या पोरी शिकल्या की परत येतात का हो?"

"येतात की," मी म्हणाले.

"मंग बरं हाय," ते म्हणाले आणि जंगलाकडे बघत बसले. मीही त्यांच्याबरोबर जंगलाकडे बघितलं. मला पुढचा प्रश्न सुचला नाही. मुमताजला सुचला असता.

ती मात्र आमच्या तांड्यात रुळली. इतकी रुळली की मी सुट्टीला गेले तर पोरं विचारायची, "मुमताजबाई नाही आल्या?" माझ्या आईला आम्ही याडी म्हणतो. मुमताजही याडीच म्हणायला लागली. पहिल्याच दिवशी तिनं आमच्या घरात पाणी मागितलं आणि तोच प्रश्न विचारला. याडीनं सांगितलं, मीच आणलं. मग दुखरा खांदा दाखवला, चुंबळ दाखवली, उतारावरची ती जागा दाखवली जिथं ती घागर उतरवून दम खाते. हे सगळं मला मुमताजकडून कळलं, गारखेड्यात, रात्रीची भांडी घासताना.

"तुझी याडी खालच्या पिंपळापाशी बसती थोडी. ठाऊक हाय का तुला?"

"ठाऊक आहे," मी म्हणाले. ठाऊक नव्हतं. मी आश्रमशाळेत वाढलेली, पुढे वसतिगृहात. तांड्यावर मी पाहुणीच. पण पाणी कुणी आणलं हा प्रश्न मला सुचला नाही याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. तो तिला सुचला याचं वाटलं.

त्यानंतर ढावलोचं प्रकरण झालं. आमच्यात लग्न झालेली मुलगी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत गाते, त्याला ढावलो म्हणतात. प्रत्येकीचा ढावलो वेगळा. चाल तीच, पण आत आपापल्या घरातल्या गोष्टी गुंफायच्या. मला तो येत नाही. ज्या वयात मोठ्या मुली लहान मुलींना शिकवतात, त्या वयात मी आश्रमशाळेत पाढे म्हणत होते. एका दुपारी मी न कळवता तांड्यावर पोचले, तर चुलीपाशी याडी आणि मुमताज गळ्यात गळा घालून बसलेल्या. याडी एक ओळ गात होती आणि ही तडव्यांची पोरगी ती ओळ तशीच्या तशी, अगदी हुंदक्यासकट, परत म्हणत होती.

मी दारातच उभी राहिले. "मला कधी नाही शिकवलास तो," मी याडीला म्हणाले.

याडीनं डोळे पुसले. आमच्या गोरमाटी बोलीत म्हणाली, "पोटच्या पोरीला आई शिकवत नसते. तिला घालवल्यासारखं होतं. हेही माहीत नाही तुला?"

"हिला बरा शिकवतेस."

"ही कुठं माझ्या पोटची आहे?"

मुमताजला यातलं अर्धंच कळलं असावं. ती उठली, तांब्या घेतला आणि मला पाणी दिलं. माझ्याच घरात. मी ते प्यायले नाही.

परतीच्या बसमध्ये सिल्लोडपर्यंत मी खिडकीतून बघत होते. मग तीच म्हणाली, "आमच्या आजीची आजी असलंच काहीतरी गायची म्हणं. आता कुणाला एक ओळ येत नाय. तुझं हाय, ते तुझंच राहणार हाय. मी काय घेऊन पळते का?"

"पळतेसच," मी म्हणाले.

काम संपलं. आम्ही दोघींनी लिहून दिलं. माझं लिखाण मी चार वेळा तपासलं होतं. शेती, वनहक्क, शिक्षण, स्थलांतर, सगळं जागच्या जागी होतं. मुमताजनं काय लिहिलं ते मी वाचलं नाही, पण ती लिहिताना मध्येच हसायची तेव्हा माझा जीव जळायचा.

सरांनी दोघींना बोलावलं. खुर्चीत रेलून म्हणाले, "शोभा, तुझं लिखाण चोख आहे. एक चूक सापडत नाही. पण हिच्या लिखाणात माणसं आहेत."

"सर," मी म्हणाले, "ती माणसं माझी आहेत."

मुमताज खाली बघत होती. बोलले ते बोलले, आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. ती उतारावरची बाई माझी आई होती. पण काम मुमताजला मिळालं.

महिन्याभरात मला नांदेडला एका कॉलेजात नोकरी लागली. पगार बरा होता. त्यामुळे आईबापांचा कोयता सुटला, माझं जे मागणं होतं ते पुरं झालं. तरी खोली आवरताना माझ्या हातून कपबश्या जरा जास्तच आपटत होत्या.

निघायच्या सकाळी रिक्षा दारात आली. मुमताजनं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी प्यायले. तिनं तांब्या पायरीवर ठेवला, दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकले आणि मोठ्यानं ढावलो सुरू केला.

भर सकाळी, गारखेड्यात. काकू आतून धावत आल्या. "अगं बाई, कोण गेलं?" समोरच्या गॅलरीत माणसं उभी राहिली. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बस छूट जाएगी, हौ." ती थांबायला तयार नाही. तिचे उच्चार वेडेवाकडे होते, चाल मात्र याडीची होती. त्यात आमची चूल होती. फाटक्या कानाची शेळी होती. खालचा पिंपळ होता.

मी तिचे हात सोडवायला बघत होते. "अगं, हा जाणारीनं गायचा असतो. राहणारीनं नाही. तुझं चुकतंय." मनातून बरंही वाटलं. शेवटी एक चूक सापडली होती.

तिनं नाक ओढलं. "ठाऊक हाय. याडीनं पयल्याच दिवशी सांगितलं."

"मग?"

"तुला येतो का? नाय ना? याडी म्हणली, माझी पोरगी ज्या दिवशी दूर जाईल त्या दिवशी तिच्या तोंडात काय नसंल. मी तर तिला शिकवू शकत नाय. तू शीक, आन् तिच्या बाजूनं तू म्हण. म्हणून शिकले. उभी राहा गप, अजून तुझा बाप राहिलाय."

आणि माझ्या गळ्यात पडून, माझ्या नावानं, ती माझ्या बापाचा निरोप घ्यायला लागली.

रडू मला आलं. पण खरं लिहायचं तर आधी हेवाच वाटला. माझं जाणंसुद्धा मला तिच्यासारखं जमलं नसतं.

त्यानंतर आमची भेट क्वचितच झाली. तिचं पुस्तक आलं, ती मोठ्या शहरात शिकवायला गेली. ऐकते की बंजारा मुली तिच्याकडे ढावलो ऐकायला जातात. मला कुणी विचारलं तर मी सांगते, तो माझ्या घरचा आहे. म्हणून दाखवा म्हटलं की विषय बदलते.

याडी आता थकली आहे. मी तांड्यावर गेले की ती आधी मुमताजची खुशाली विचारते, मग माझी. गेल्या उन्हाळ्यात गेले, तेव्हा तिनं तांब्या हातात दिला. मी एक घोटही मागे न ठेवता सगळं पाणी प्यायले, ओठ टिपले आणि विचारलं, "याडी, कुणी आणलं हे पाणी?"

याडी माझ्याकडे बघतच राहिली. मग बोळक्या तोंडानं हसली. "मुमताजनं शिकवलं का हे?"

"नाही," मी म्हणाले. "माझं मलाच सुचलं."