पदर घेतलेली संगमरवरी बाई

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर वेडंवाकडं. चौथीनंतर लिहायचं काम फारसं पडलंच नाही. कुणाच्या हाती हे लागलं तर माफ करावं.

मी मस्तगडाजवळ एका मिस्तरींकडे मूर्ती घोटायचं काम करते. मिस्तरी छिन्नीने घडवतात, मी पाणी आणि पॉलिश पेपर घेऊन गुळगुळीत करते. लेक बाळंतपणात गेली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी कामावर परत आले. रडू आलं नाही. हात चालत राहिले.

तिचा एकच चांगला फोटो होता, लग्नातला. त्यात ती खाली बघते आहे. मी मिस्तरींना म्हटलं, हिची मूर्ती करून द्या, दगडाचे पैसे मजुरीतून कापा.

"मावशी, चेहरा समोरून कसा काढू?" मिस्तरी म्हणाले आणि मोबाईलवर एक चित्र दाखवलं. इस्तंबूलकडची, दीड हजार वर्षांपूर्वीची संगमरवरी बाई. खाली बायझंटाईन असं लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं, तिकडच्या जुन्या राज्याचं नाव. डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र, केस झाकलेले, हातात कागदाची गुंडाळी. मोठे डोळे, बुबुळं कोरलेली.

"राणी हाय का?"

"न्हाई. नाव कुणालाच ठाऊक न्हाई. शिकलेली असंल, म्हणून हातात कागद."

माझी लेक दहावी झालेली. मी म्हटलं, "हिच्यावरून करा. कागद असू द्या. पण डोळे मिटलेले ठेवा."

गाल आणि हनुवटी मीच घोटली. डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा होता. बोटांना ती लेकच वाटायची.

देवाच्या मूर्तीचे डोळे मिस्तरी सगळ्यात शेवटी, एकटे बसून उघडतात. त्या रात्रीही त्यांचा हात त्याच सवयीने चालला. सकाळी मी कामावर गेले तर दोन्ही डोळे सताड उघडे. त्या चित्रातल्या बाईचे. माझ्या डोक्यावरून पलीकडे कुठेतरी बघणारे.

"डोळ्याबिगर मूर्ती घरी कशी देऊ, मावशी?" मिस्तरी म्हणाले. दगडात कोरलेलं परत भरता येत नाही.

लेकीच्या वडिलांना बोलावून दाखवलं.

"हातात लाटणं कशाला दिलं?"

"लाटणं न्हाई, कागद हाय."

त्यांनी गुंडाळीवरून बोट फिरवलं. "कागद बराबर हाय. डोळे आपल्या पोरीचे न्हाईत. घरात नको आणू."

मूर्ती कारखान्यातच फळीवर राहिली. मिस्तरी म्हणाले, चूक माझी, पैसे राहू द्या. मी नको म्हटलं. फुकट ठेवली असती तर दगड त्यांचा राहिला असता, आणि एखाद्या दिवशी त्यातून दुसरंच काही घडलं असतं. लेकीचे गाल त्यात आहेत. दर शनिवारी पैसे कापले जात. रोज निघताना मी तिच्यावरची धूळ पुसते. त्या इस्तंबूलकडच्या बाईचे गालही कुणीतरी घोटले असतील.

गेल्या शनिवारी मिस्तरींनी मजुरी हातावर ठेवली. नेहमीपेक्षा जास्त होती.

"फिटलं, मावशी. दगड आता तुमचा."

मी पैसे पदराला बांधले. दगडाचं सगळं देणं फिटलं होतं.