रवळनाथाची आण

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, आणि गावच्या देवळात तर नाहीच — तिथे मी त्यानंतर पायच ठेवला नाही. घरच्यांना वाटतं म्हातारा हट्टी, भावकीशी बिनसलं असेल काहीतरी. वाटू दे. हट्टी मी आहेच. पण भावकीशी माझं काही बिनसलेलं नाही. कारण दुसरंच आहे. चौथीपर्यंत शिकलो, अक्षर वेडंवाकडं, पण हा कागद ज्याच्या हाती पडेल तो तू वाचशील. इंग्रजी वाचता येणाऱ्यांचा मला फार राग होता एके काळी — ते येईलच पुढे.

आधी माझ्या हातांचं सांगतो. जवानीत मी भांडुपच्या डोंगरात दगडाच्या खाणीत होतो. घण मारायचो. दुसरे दोन हातांनी उचलायचे तो मी एका हातानं फिरवायचो. मुकादमानं एकदा आईवरून शिवी दिली, त्याचे पुढचे दोन दात मी जागेवर पाडले. त्यातच खाण सुटली. ही दातांची गोष्ट मी जन्मभर सांगत आलो. नातवांना मांडीवर बसवून सांगितली. पोरं टाळ्या वाजवायची. आणि त्याच हातानं दुसरं जे केलं, ते? ते का नाही सांगितलं कधी?

खाण सुटली आणि घाटकोपरला लॉ कॉलेजात शिपाई म्हणून लागलो. कॉलेज कसलं — शाळेची इमारत, सकाळी सात ते साडेनऊ आमचं कॉलेज, मग शाळेची पोरं. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली असतील. जिकडेतिकडे मोर्चे, दगडफेक, लाठ्या. रोज कुणाचं ना कुणाचं डोकं फुटलेलं. अशा दिवसांत आमच्याकडे वकील तयार होत होते — म्हणजे कागदावर.

प्रवेश कुणालाही. बी.ए.चा दाखला आणला की नाव लागलं, आणि वर कुणा मोठ्याची चिठ्ठी असली की तारीख उलटून गेली तरी लागलं. पटावर नावं भरपूर. बाकावर माणसं मोजकी. शिकवणारे वकील, त्यांना दहाच्या आत कोर्ट गाठायचं असायचं. ते हजेरीचं पुस्तक माझ्याकडे टाकायचे — ‘सखाराम, भर रे.’ मी भरायचो. कोण आला, कोण नाही, ते मी ठरवायचो! हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येत नसे, म्हणून बी.ए. झालेली, टाय लावणारी माणसं मला वाकून म्हणायची, ‘मामा, तेवढं बघा हं आमचं.’ चौथी पास माणसाला काय चढत असेल, सांग. मला चढलं.

एकच जण कधी वाकला नाही. सदानंद. मुलुंडच्या कारखान्यात रात्रपाळी करून तो सातच्या ठोक्याला पहिल्या बाकावर असायचा. त्याला माझी गरजच नव्हती. तो आमच्याच गावचा, वाडी तेवढी वेगळी. बाप गोविंद गिरणीत, राहायला भांडुपला. गावातला पहिला बी.ए. तो. पास झाला तेव्हा गोविंदानं गावी रवळनाथाला नारळ पाठवला होता, आणि चाळीत लेकाबद्दल सगळ्यांना सांगत फिरला होता — आमचो झील आता काळो कोट घालतलो. मी पण ऐकलं होतं. मला आनंद झाला नव्हता. खरं तेच सांगतोय.

मग विद्यापीठाची कमिटी यायची ठरली. तीन जण. कॉलेज चालवण्यालायक आहे का ते बघणार — प्रवेश कसे देता, शिकवता काय, पास किती होतात, पुढे सनद घेऊन कोर्टात किती उभे राहतात. पहिल्या दिवशी त्यांनी दप्तर पाहिलं. दप्तर झकास होतं, मीच भरलेलं. संध्याकाळी प्रिन्सिपॉलसाहेब मला म्हणाले, ‘सखाराम, उद्या बाक रिकामे दिसता कामा नयेत.’ एवढंच. कसं ते त्यांनी सांगितलं नाही. कुणाला मारायला तर मुळीच सांगितलं नाही. ते माझं मी केलं.

मी खाणीत गेलो. जुन्या माणसांतले अठरा जण निवडले. पहाटे नळाखाली बसवून साबण लावला, इकडून तिकडून पांढरे सदरे गोळा करून घातले. ‘तोंड उघडायचं नाही,’ म्हटलं, ‘हात मांडीवर, बाकाखाली.’ एक रांडेचा हसायला लागला — ‘सखाराम, आता माका वकील म्हणान हाक मार!’ त्याला अशी लगावली की त्याची टोपी गटारात गेली.

सदानंद आला, दारातच थांबला. एकेक तोंड बघितलं त्यानं. माझ्याकडे बघितलं. मग आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि कमिटी आली.

हात लपवले होते मी. पाय विसरलो. सदरे मागून आणले, चपला कुणाच्या आणणार? कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ बाकांच्या मधून सावकाश चालत गेले, खाली बघत. भेगाळलेले अनवाणी पाय, नखांत दगडाची पूड — अठरा जोड्या. जाताना फक्त मराठीत म्हणाले, ‘कुणा विद्यार्थ्याला आम्हाला काही कळवायचं असेल तर दुपारपर्यंत लिहून द्या.’

सदानंद उठला आणि लायब्ररीत जाऊन लिहायला बसला.

मी बाहेर उभा राहून बघत होतो. पान भरलं, उलटलं, दुसरीकडूनही भरलं. मी मागच्या बोळात, पाण्याच्या टाकीपाशी त्याला गाठला. हातात तासाचा टोल द्यायचा लाकडी हातोडा होता — हातात असायचाच तो, मुद्दाम घेतला नव्हता. की घेतला होता? इतकी वर्षं झाली, मला अजून नक्की सांगता येत नाही.

‘कागद दाखव.’

‘कमिटीचा आहे, मामा.’

‘वाचून दाखव मग. मराठीत.’

त्यानं वाचला. उभ्याउभ्या, शांतपणे, एकेका ओळीचा अर्थ लावत. प्रवेश देताना कुणी काही पारखत नाही. दोन विषयांना मास्तरच नाही. जे पास होतात ते घरी स्वतः वाचून होतात. आज बाकांवर बसलेले विद्यार्थी नाहीत. पण कॉलेज बंद करू नका — कामावर जाणाऱ्या माणसाला या बाजूला दुसरं कॉलेज नाही. बंद करू नका, सुधारा. ‘तुमचं नाव नाही यात,’ तो म्हणाला. ‘कुठेच नाही.’

मी ओळी मोजल्या होत्या, तो वाचत असताना. इंग्रजी मला येत नाही, पण ओळी मोजता येतात. कागदाच्या दोन्ही बाजू भरलेल्या, आणि मराठीत निघालं एवढंसं! मला वाटलं, मधलं गाळलं यानं. त्या मधल्यात मी आहे. हजेरी आहे, सदरे आहेत, माझी नोकरी आहे. एका भाषेतल्या दोन पानांचं दुसऱ्या भाषेत तोंडी एवढंच होतं, हे मला कोण सांगणार? विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण विचारायचं म्हणजे मला इंग्रजी वाचता येत नाही हे कबूल करायचं.

‘गाळलंस तू,’ मी म्हणालो.

तो हसला नाही. हसला असता तर मी काहीतरी सबब तरी सांगितली असती. रात्रपाळी करून आलेला थकलेला माणूस तो, डोळे लाल. म्हणाला, ‘मामा, वाचता येत नाही तर विश्वास तरी ठेवा ना.’

हातोडा बसला तो जबड्यावर, डाव्या बाजूला. दगड फुटायच्या आधी आतून एक बारीक आवाज येतो, खाणीतल्या माणसाला तो ओळखता येतो — तसा आवाज आला. तो टाकीवर आपटला आणि खाली बसला. तोंड बंद होईना त्याचं. रक्त आणि लाळ सदऱ्यावर. उजव्या मुठीत अजून कागद. मी मुठीवर पाय दिला. सुटेना, म्हणून परत दिला, टाचेनं. मग पोटात एक लाथ, मग दुसरी. दुसरी कशाला? कागद तर हातात आला होता माझ्या. तरी मारली. आणि खोटं कशाला लिहू — बरं वाटलं मला मारताना. खाण सुटल्यापासून एवढं बरं वाटलं नव्हतं.

कमिटीच्या चहासाठी स्टोव्ह पेटलेला होता. कागद त्यावर धरला. त्यात आणखी काय होतं, काही होतं का, ते आता कुणाला कळायचं नाही.

स्टोव्हशेजारी स्पिरिटची बाटली होती. तुला माहीत असेल, तेव्हा दारूबंदी होती. तोंडाला वास आला तरी पोलीस उचलायचे. मी बाटली त्याच्या सदऱ्यावर ओतली, थोडी तोंडावरही. जखमेत गेली असणार — तो तडफडला. आणि मग मी ओरडलो, ‘धावा! पिऊन आलाय! अंगावर आला माझ्या!’

माणसं धावली. वास आला सगळ्यांना. झालं.

इथवर जे सांगितलं ते कदाचित तू कुठे ऐकलंही असशील, अशा मारामाऱ्या त्या काळात खूप झाल्या. मला जे सांगायचं आहे ते याच्यानंतरचं आहे.

साहेबांनी पोलीस बोलावले नाहीत, कॉलेजचं नाव जाईल म्हणून. चौथ्या दिवशी आपल्या खोलीत सगळ्यांना बसवलं. सदानंदाचा जबडा तारेनं बांधलेला, वरून डोक्यापर्यंत पट्टी, उजव्या हाताची बोटं सुजून काळी पडलेली. बोलता येईना. डाव्या हातानं कागदावर काहीतरी लिहून त्यानं साहेबांपुढे सरकवलं. साहेबांनी ते बघितलं आणि कागद उपडा ठेवला.

मग गोविंद आला. सुट्टी मिळाली नव्हती, पाळी अर्ध्यावर टाकून आला होता, डोक्यात कापसाचे तंतू तसेच. त्यानं पोराकडे बघितलं नाही. साहेबांकडे नाही. सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गावचा माणूस गावच्या माणसाला विचारतो तसं विचारलं त्यानं —

‘रवळनाथाक स्मरान सांग, सखाराम. माज्या झिलान दारू घेतलेली काय?’

आमच्याकडे रवळनाथाचं नाव घेऊन कुणी खोटं बोलत नाही. दुसरं सगळं करतात. भावाची जमीन खातात, एकमेकांची डोकी फोडतात. पण हे नाही. म्हणूनच त्यानं साहेबांना नाही विचारलं, दवाखान्याचा कागद नाही मागितला, लेकाचं लिहिलेलंही नाही बघितलं. माझा शब्द पुरे होता त्याला. नाही म्हटलं असतं, तर माझी नोकरी गेली असती, फार तर तुरुंगात गेलो असतो. आणि सदानंद वकील झाला असता.

मी मान वर करून, त्याच्या डोळ्यात बघून म्हणालो, ‘रवळनाथाची आण. घेतल्यान. वास येय होतो.’

गोविंद वळला आणि त्यानं पोराच्या थोबाडीत मारली. त्याच बाजूला. पट्टीवर. गिरणीतला हात तो, काही साधा नव्हे. सदानंदाला ओरडायलाही तोंड उघडता येईना — नाकातून एक आवाज आला, मांजराला दारात चेंगरल्यावर येतो तसा, आणि तारेतून, दातांच्या फटीतून रक्त हनुवटीवर आलं. गोविंद म्हणाला, ‘आजपासून तू माजो झील न्हय.’ आणि गेला.

मी तिथेच उभा होतो. एक पाऊलही पुढे टाकलं नाही.

सदानंद दारू प्यायला नव्हता. कधीच प्यायला नव्हता. हे वाक्य मी पहिल्यांदा लिहितोय.

पटावरून त्याचं नाव तांबड्या शाईनं खोडलं. कारकुनानं रेघ मारली, पट्टी मी धरली. कमिटीकडे कुणाचाच कागद गेला नव्हता, कॉलेज वाचलं. कमिटीच्या कागदात शिस्तीबद्दल चांगलं लिहिलंय, असं मला कारकुनानं वाचून दाखवलं, आणि मी ते वर्षभर सगळ्यांना ऐकवलं. मी हेडशिपाई झालो. पुढे दरवर्षी साहेब पाहुण्यांना सांगायचे, आमचे इतके वकील झाले, तितके झाले. मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभा.

तीन-चार वर्षांनी गोविंद गेला, छातीच्या विकारानं. दोघं एकाच खोलीत राहिले तोवर, पण बापानं शेवटपर्यंत पोराच्या हातचं पाणी घेतलं नाही, असं चाळीतले सांगत. तेराव्याच्या जेवणाला गावची सगळी माणसं होती, मीही गेलो. न जाऊन कसं चालेल? लोकांनी विचारलं असतं. चाळीच्या व्हरांड्यात पंगत बसली. माझ्या दोन्ही बाजूंना गावचे जाणते, सगळ्यांना ठाऊक असलेलं — गोविंदाचो झील दारवडो.

भात वाढायला सदानंद स्वतः आला. कारखान्यात हमाली करत होता तेव्हा. हनुवटी एका बाजूला गेलेली, उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती, पातेलं डाव्या कुशीत धरलेलं. माझ्यासमोर येऊन तो थांबला. ‘मामा,’ म्हणाला, तोंडात घास असावा तसं. आणि वाढलं नाही. नुसता उभा राहिला. माझे शेजारी जेवायचे थांबले, वर बघायला लागले. शिवी नाही दिली त्यानं, काही विचारलं नाही. वाट बघत होता. पंगतीतल्या त्या माणसांसमोर माझ्या तोंडून एक वाक्य — बाप गेला होता, पण ती माणसं होती ना.

मी पानाकडे बघितलं.

‘वाढ,’ म्हणालो.

त्यानं वाढलं. मी आमटी कालवली आणि जेवलो. तो पंगतीच्या टोकाला जाऊन परत आला, तेव्हा हाक मारून आणखी भात मागून घेतला.