फाटक उघडं राहिलेला रविवार

लुईस बेटाच्या पश्चिम टोकाला, हालाबोस्तमध्ये, रस्ता डोलिना मॅक्आयव्हरच्या घरापाशी अरुंद होतो आणि तिच्या कुंपणाच्या फाटकातून पुढे समुद्राकडे उतरतो. पुढे गावाची दफनभूमी आहे. त्यामुळे रस्ता सगळ्यांचा, आणि फाटकाला कुलूप लावता येत नाही. दफनभूमीच्या खाली खडकांच्या मध्ये एक छोटा पांढरा किनारा आहे. ओहोटीला तिथे हिरव्या पाण्याचं कुंड उरतं, आणि सील माद्या पिल्लं घेऊन पडलेल्या असतात. गावाने त्याला कधी नाव दिलं नाही, ‘खालचा किनारा’ म्हणतात. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी त्याचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि वर लिहिलं, ‘कुणालाच माहीत नसलेली जागा’. तेव्हापासून ती सगळ्यांना माहीत आहे.

डोलिना एकसष्ट वर्षांची. सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, उरलेला दिवस मेंढ्यांच्या मागे असते. लोक येतात याचा तिला राग नाही. राग आहे तो फाटकाचा. येताना गाडीतला एकजण उतरतो, फाटक उघडतो, गाडी आत जाते, आणि उतरलेला माणूस समुद्र पाहून इतका हरखतो की तसाच गाडीत चढतो. तिच्या नवऱ्याने, फिन्लेने, लाल रंगात ‘फाटक लावा’ अशी पाटी रंगवली. पाटीचेही फोटो निघाले. रस्त्याच्या खात्याला तिने तीनदा फोन केला, की फाटकाऐवजी जमिनीत लोखंडी जाळी बसवा, गाडी जाईल आणि जनावर अडेल. खात्याने रस्त्यावर किती वाहतूक आहे ते विचारलं. तिने सांगितलं. एवढ्या लहान रस्त्यावर एवढी वाहतूक शक्यच नाही, असं उत्तर आलं.

ऑक्टोबरात हे फाटक म्हणजे जीव की प्राण. घराकडच्या बाजूला एडका असतो आणि समुद्राकडच्या गवतावर मेंढ्या. एडका नोव्हेंबर संपताना सोडायचा, म्हणजे कोकरं एप्रिलअखेर, गवत फुटल्यावर जन्मतात. चार वर्षांपूर्वी एडक्याने कुंपण मोडलं होतं. तेव्हा कोकरं मार्चच्या गारठ्यात जन्मली आणि निम्म्याहून जास्त डोलिनाने स्वतःच्या हाताने पुरली.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी दोघं सकाळच्या उपासनेहून परतली. फाटक सताड उघडं होतं आणि एडका पलीकडे मेंढ्यांच्या दिशेने निघाला होता. खाली किनाऱ्याजवळ एक कॅम्परव्हॅन उभी होती.

“कुत्र्याला सोड,” डोलिना म्हणाली. “दहा मिनिटांत आणेल त्याला.”

फिन्ले चर्चच्या पंचांपैकी एक, आणि या गावात रविवारी काम करणं पाप मानतात. त्याने टोपी काढली नाही, मोटारीचा दरवाजाही लावला नाही. “अगं, रविवारी कुत्र्याने मेंढरं हाकायची?”

“गरजेचं आणि दयेचं काम चालतं. गेल्याच महिन्यात तू स्वतः सांगितलंस.”

“मेंढी खड्ड्यात पडली तर काढायची. शास्त्रात तसं लिहिलंय.”

“मग?”

“तो खड्ड्यात कुठे पडलाय? तो तर लग्नाला निघालाय.”

“फिन्ले, मार्चमध्ये ती कोकरं तू पुरणार आहेस का?”

“आणि समोर मर्डोची खिडकी आहे. संध्याकाळच्या उपासनेला तो माझ्या शेजारी बसतो.”

“मर्डोला म्हणावं, डोळे मिटून प्रार्थना कर. तेवढ्या वेळात होईल माझं.”

फिन्ले हसला नाही. पण जनावराला खायला घालणं रविवारीही चालतं, हे त्यालाही नाकारता येईना. त्यावर तडजोड झाली. कुत्रा घरात राहिला. डोलिनाने बादलीत खुराक घेतला आणि उपासनेच्याच काळ्या कोटात, डोक्यावरच्या हॅटसकट, गवतात उतरली. कुत्र्याने जे दहा मिनिटांत झालं असतं, ते बादलीने करायला वेळ लागणार होता. बादली वाजवायची, दोन पावलं मागे यायचं, थांबायचं. एडका हट्टी होता, पण खादाडही होता. तो वळला. बादलीत तोंड घालत, पुन्हा मागे बघत, तो तिच्यामागून निम्म्या वाटेपर्यंत आला.

तेवढ्यात कॅम्परव्हॅन वर आली. आत तरुण जोडपं होतं. काळ्या हॅटमधली बाई, बादली आणि मागे एडका, हे पाहून मुलीने काच खाली केली, मुलाने गाडी थांबवली आणि सावध करायला म्हणून हॉर्न वाजवला. एडका उडाला आणि सरळ मेंढ्यांच्या कळपात घुसला.

“अय्या, पळाला! आमच्यामुळे का?” मुलगी म्हणाली. “सॉरी हं. पण किती सुंदर जागा आहे ही! आम्ही ब्रिस्टलहून आलोय. सगळं बेट फिरतोय, पण मुद्दाम कुणी जात नाही अशाच जागा शोधतोय.”

“आणखी एखादी सांगा ना,” मुलगा म्हणाला. “जी कुणालाच सापडली नाहीये.”

रविवारी खोटं बोलायचं नाही, आणि परक्याने वाट विचारल्यावर सांगायची, या दोन्ही गोष्टी डोलिनाच्या अंगात मुरलेल्या. तिने हात वर करून दाखवलं.

“ते फाटक दिसतंय? या उन्हाळ्यात आलेल्यांपैकी फार थोड्यांना सापडलं.”

दोघं हसली. मग तिचा चेहरा पाहून थांबली. जाताना मुलगा उतरला, त्याने फाटक लावलं आणि कडी नीट बसली का हे दोनदा हलवून पाहिलं. एडका आता आतच कोंडला गेला होता, मेंढ्यांबरोबर.

बादलीतला खुराक संपला होता. तिने दुसरी बादली आणली, पण मेंढ्यांत रमलेला एडका तिच्याकडे फिरकला नाही, आणि संध्याकाळच्या उपासनेची वेळ झाली. फिन्ले मोटारीत बसून होता. उपासनेत भजनाच्या वेळी डोलिनाचे ओठ हलले नाहीत. हे मर्डोनेही पाहिलं.

सोमवारी उजाडताच कुत्र्याने एडक्याला घराकडे आणलं. पण त्याच्या छातीला रंग नव्हता. एडका रीतसर सोडताना छातीला रंग फासतात, म्हणजे कुठल्या मेंढीवर गेला ते तिच्या पाठीवर दिसतं. त्या रविवारचं काहीच दिसत नव्हतं. सगळ्या मेंढ्या सारख्याच चरत होत्या. कोणती मार्चची आणि कोणती एप्रिलची, हे सांगायला कुणी नव्हतं.

नोव्हेंबरअखेर फिन्लेने एडक्याच्या छातीला निळा रंग फासून त्याला कळपात सोडलं. नाताळाच्या आधी डोलिनाने मेंढ्या मेंढवाड्यात घेतल्या. ज्यांच्या पाठी निळ्या, त्या ठीक. ज्यांच्यावर रंग नाही, त्या आधीच गाभण. त्या तिने एकेक करून वेगळ्या काढल्या. फिन्ले कुंपणाशी उभा होता.

“किती?”

“आठ.”

“एका रविवारात?”

“त्याला कुणी उपासनेला बोलावलं नव्हतं,” डोलिना म्हणाली. “कोठार रिकामं करायला घे. मार्चमध्ये यांना छप्पर लागेल. आणि या आठजणींची कोकरं रविवार पाळून जन्मतील की नाही, ते मी तुला आत्ताच सांगू शकत नाही.”

 फिन्ले फावडं आणायला गेला.