बाहेरच्या चुलीवरचा कोरा चहा

यशवंत गेल्याचा फोन आला, तेव्हा मी धसईच्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडत होतो. "काका, बाबा गेले... सकाळी," एवढेच प्रज्ञा, त्याची मुलगी, बोलू शकली. मी "निघतो" म्हणालो आणि फोन खिशात ठेवून हातातली जुडी उलटीपालटी करून पाहू लागलो. भाजीवालीने दोनदा विचारले, "घेता ना गुरुजी?" तेव्हा ती घेतली. दुःखाने माणूस सुन्न होतो, असे म्हणतात. माझे तसे झाले नव्हते. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, आता त्याच्या घरी जावे लागेल आणि तिथे कोणीतरी माझ्यासमोर चहा ठेवील.

यशवंत उंबरमाळीकडच्या एका गावचा. आमच्या शाळेत तो विज्ञान शिकवी, मी मराठी. आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलो. आठवडाभर तो आमच्या गावातल्या बौद्धवाडीत खोली घेऊन राही आणि शनिवारी दुपारी घरी जाई. पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी मी त्याला आमच्या घरी आणले. आमचे भातशेतीचे जुने घर; गोठ्यात गाय नुकतीच व्यालेली. मी त्याला पडवीत बसवले आणि आत जाऊन आईला म्हणालो, "दोन कप चहा टाक." तिने त्याचे आडनाव विचारले. मी सांगितले. ती हळूच म्हणाली, "ताज्या व्यालेल्या गायीचं दूध बाहेर नाय द्यायचं रे. नजर लागते. त्याला कोरा देते." तो चहा तिने स्वयंपाकघरात केलाच नाही. पडवीच्या टोकाला आंघोळीचे पाणी तापवायची चूल होती. तिच्यावर अॅल्युमिनियमचे एक जुने पातेले ठेवले. मी बाहेर येऊन यशवंतला म्हणालो, "दूध संपलंय रे आज." माझे वाक्य पुरते संपायच्या आत शेजारची काकू आमच्याच स्वयंपाकघरातून तांब्याभर दूध घेऊन त्याच्यासमोरून अंगणात उतरली.

त्याने तांब्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. माझी मान खाली गेली होती. तो आईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आई, मला कोराच द्या हां. दूध घातलं की चहाची चवच मरते."

त्या एका वाक्याने त्याने मला सोडवले, आणि मी सुटलो. पुढची सारी वर्षे मी त्या सुटकेवर जगलो.

नंतर ते वाक्य त्याला पाळावे लागले. शाळेतल्या मधल्या सुट्टीत टपरीवरून चहा येई. त्यात यशवंतचा कप काळा. शिक्षकांच्या खोलीत चहावरून रोज वाद रंगत. आमच्या घाटावरच्या बाई म्हणत, दूध आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन उकळी येऊ द्यावी. मुख्याध्यापकांचे मत असे की चहा उकळणे हेच पाप आहे, तो झाकून मुरवावा. मी दुधाचा कडवा पुरस्कर्ता होतो. "दुधाशिवाय चहा म्हणजे काढा," मी सर्वांदेखत म्हणे, "तापकऱ्याला देतात तो. यशवंता, तुला चहा कळलाच नाही." तो हसून उत्तर देई, "अरे, दूध घातल्यावर चहा कुठला राहतो? ती खीर. तुझी खीर तू खा." सगळे हसत. मीही हसे. त्याला मी टोमणे मारत होतो ते नेमके कशावरून, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होते, आणि त्या दोघांपैकी एक मी होतो. मला उमगले नव्हते असे आज लिहिले, तर ते दुसरे खोटे ठरेल.

आमच्या पडवीत तो आठवड्यातून दोन-तीनदा तरी येई. एकदा त्याने कुठूनसे गवती चहाचे मूळ आणले आणि त्या चुलीशेजारी, सांडपाणी जाते तिथे लावले. "आई, कोऱ्यात हे पाहिजेच," तो म्हणाला. आईलाही ते पटले. पुढे पुढे ती त्याच्यासाठी आले ठेचून ठेवी, गूळ घाली. "मास्तर आला नाय काय रे?" असे विचारू लागली. तिचा जीव त्याच्यावर जडला होता, यात शंका नाही. पण पातेले तेच राहिले, आणि चूलही तीच.

आई गेली तेव्हा पहिल्या दिवसापासून तेराव्यापर्यंत यशवंत येत होता. त्यानंतर एका संध्याकाळी माझी पत्नी सुनंदा गॅसपाशी उभी राहून मला म्हणाली, "आता भावजींच्या चहात दूध घालू का? इथंच करते सगळ्यांचा." घरात अडवणारे आता कोणी नव्हते. नजर लागायला गाय नव्हती. दूध पिशवीचे येत होते. मी म्हणालो, "नको. त्याला कोराच लागतो." सुनंदाने माझ्याकडे पाहिले आणि ती पातेले घेऊन बाहेरच्या चुलीकडे गेली. आईचे मी समजू शकतो. तिला जे शिकवले होते ते तिने केले. त्या संध्याकाळी जे झाले, ते माझे होते. दूध घातले असते तर इतकी वर्षे का घातले नाही, हे बोलावे लागले असते... मला ते बोलायचे नव्हते, म्हणून तो काळा चहा पीत राहिला.

आणि मी त्याच्या घरी किती वेळा गेलो? प्रज्ञाच्या लग्नाला. मांडवात उभा राहून वधूवरांवर फुले टाकली, आहेर दिला, आणि मुरबाडची शेवटची गाडी चुकेल असे सांगून निघालो. "घोटभर चहा तरी घे," तो फाटकापर्यंत म्हणत आला होता. गाडीला अजून बराच अवकाश होता.

त्या दिवशी मी स्मशानातूनच परतलो होतो; नंतरच्या जलदान विधीला मात्र त्याच्या घरी गेलो. वंदना झाली, माणसे त्याच्याविषयी बोलली. मलाही बोलायला सांगितले. मी त्याच्या प्रयोगशाळेविषयी बोललो. मग ट्रेमधून चहा फिरू लागला, दाट, दुधाचा. माझ्यापर्यंत ट्रे आला, तशी प्रज्ञा पुढे झाली. "काकांना तो नको. आई वेगळा आणतेय." संगीतावहिनी स्वतः आतून एक कप घेऊन आल्या. काळा चहा, गवती चहाचा वास येणारा. "तुमच्या घरी कोराच पितात ना भावजी," त्या म्हणाल्या. "हे नेहमी सांगायचे, त्यांच्याकडं दुधाचा चालतच नाय कोणाला. म्हणून तुमच्यापुरता येगळा टाकला."

त्याने घरी असे सांगितले होते. माझ्या घराची लाज त्याने आपल्या बायकोपासूनही झाकून ठेवली होती. पन्नास माणसांत वेगळा कप माझ्या एकट्याच्या हातात होता, आणि तो मायेने केलेला होता. मी तो संपवला. कप ट्रेमध्ये ठेवला आणि निघालो.

पण हे लिहायला बसलो तेव्हा वाटले, वहिनींना हे छापील कागदावरून कळता कामा नये. गेल्या आठवड्यात परत गेलो. या वेळी त्या घरी एकट्याच होत्या. कोरा चहा टाकू लागल्या, तेव्हा म्हणालो, "वहिनी, आमच्याकडे दुधाचाच पितात. पहिल्यापासून." मग तांब्यापासून सुनंदाच्या प्रश्नापर्यंत सगळे सांगितले. त्या ओट्याला टेकून ऐकत होत्या. माझे संपल्यावर त्यांनी पातेले गॅसवरून उतरवले. मग म्हणाल्या, "शनिवारी घरात पाय ठेवला की पयला दुधाचा मागायचे. वर साय पायजे. मी म्हणायची, आठवडाभर उपाशी ठेवतात काय तुमाला? तर हसायचे नुसते."

"वहिनी, मला..."

"हे त्यांना सांगायला पायजे होतं, भावजी. मला सांगून काय?"

त्यांनी दूध घालून चहा केला. माझ्या कपात वर साय आली होती. आम्ही दोघांनी तो घेतला. निघताना त्यांनी "परत या" म्हटले नाही, आणि मला ते रास्त वाटले.

घरी आल्यावर बाहेरची चूल फोडून टाकावी असे मनात आले. आता आंघोळीचे पाणी तिच्यावर तापत नाही. पण चूल फोडली तर विसरायची सोय माझीच होईल, म्हणून ती राहू दिली आहे. यशवंतने लावलेला गवती चहा आता इतका माजला आहे की त्याची पाती चुलीच्या तोंडावर आडवी पडतात. परवा संध्याकाळी मी पडवीत त्याच्या जागी, तो नेहमी बसे त्या फळीवर, जाऊन बसलो. इतक्या वर्षांत मी तिथे कधी बसलो नव्हतो. माझी बैठक नेहमी समोर, स्वयंपाकघराकडे पाठ करून असे. त्याच्या जागेवरून आतले सगळे दिसते. दार, ओटा, आणि ओट्यावरचे झाकण ठेवलेले दुधाचे पातेले.