नीलाताई आणि मधल्या घरातला जेफ्री

बेल वाजली तेव्हा मी चहा गाळत होतो. दारात जेफ्री. इतकी वर्षं शेजारी राहूनही या माणसानं आमची बेल कधी वाजवली नव्हती. काही सांगायचं असलं की तो कुंपणापलीकडून खोकायचा आणि आमचं लक्ष जायची वाट पाहायचा. "सॉरी टु बॉदर यू," तो म्हणाला. "बहुतेक काही नसेलच. पण तुमच्या बहिणीच्या घराचे पडदे अजून उघडलेले नाहीत. तिचं असं नसतं." मी तसाच सपाता घालून धावलो. नीलाताई झोपेतच गेली होती... शांतपणे. एरवी आयुष्यात तिनं एकही गोष्ट शांतपणे केली नव्हती. याला आता काही आठवडे झाले. राहून राहून वाटतं, ही बातमी कशी आली हे तिला सांगता आलं असतं तर ती पोट धरून हसली असती. कारण तिचं ठाम मत होतं की घराला आग लागली तरी इंग्रज माणूस आधी सॉरी म्हणेल आणि मग बादली मागेल.

नीलाताई माझी मामेबहीण. मामा डॉक्टर म्हणून इथं इंग्लंडला, कॉव्हेंट्रीच्या इस्पितळात आले, तेव्हाचा तिचा जन्म. पण ती नीट बोलू लागायच्या आत त्यांनी बिऱ्हाड अमेरिकेत ओहायोला हलवलं. त्यामुळे तिच्याकडे जन्माच्या जोरावर मिळालेला इथला पासपोर्ट होता आणि बाकी सगळं अमेरिकन. तिथल्या शाळेत तिनं जन्मभर शिकवलं, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून वेगळी झाली, मुलगा दूर कॅलिफोर्नियात. रिटायर झाल्यावर म्हणाली, जिथं जन्मले तिथं राहून बघते. आमच्या गल्लीतच, एक घर सोडून पलीकडचं घर तिला भाड्यानं मिळालं. मधलं घर जेफ्रीचं. तो मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, बायको गेलेली, एकटा. ओहायोच्या घराला तिनं फक्त कुलूप लावलं, विकलं नाही. "वन इयर, विनू," ती मला म्हणाली. तिचं मराठी मामांच्या स्वयंपाकघरात शिकलेलं, त्यात लिंगवचनाची मारामार. "या गल्लीत कोणी मला आपला म्हटला, तर मी राहणार. नाहीतर बॅक. तिकडे पण आता माझा कोणी नाही, बट ॲटलीस्ट लोक बोलतात तरी."

इंग्रजांविषयीची सगळी अमेरिकन मतं ती बॅगेत भरूनच आली होती. राजवाडे, बटलर, सुंदर बाग आणि अफाट बुद्धिमत्ता एका बाजूला. बेचव जेवण, वाकडे दात आणि थंडगार स्वभाव दुसऱ्या बाजूला. "आम्ही तिकडे ह्यांचा ॲक्सेंट ऐकला ना, की वाटतं हा माणूस जीनियस असणार," ती म्हणायची. "आणि तो फक्त पार्किंग कुठे आहे ते विचारत असतो." कॉव्हेंट्रीचा करडा काँक्रीटचा रिंगरोड पाहून पहिल्याच आठवड्यात राजवाडे गळाले. दात तिनं चांगले निरखून पाहिले आणि तक्रार मागे घेतली. थंडपणाविषयीचं मत मात्र पक्कं होत गेलं. बसस्टॉपवर एका गृहस्थाला तिनं ओळख नसताना आपल्या घटस्फोटाची साद्यंत हकिकत सांगितली. त्या बिचाऱ्यानं तेवढ्या वेळात बसचं वेळापत्रक पाठ केलं असणार. "एक शब्द नाही बोलला, विनू. मग म्हणतो, पाऊस थांबला वाटतं."

मग चहाचं प्रकरण झालं. कुंपणाशी बोलताना जेफ्री तिला म्हणाला, कधीतरी चहाला यायला हवं तुम्ही. दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला ही भोपळ्याचा केक करून त्याच्या दारात हजर. जेफ्रीनं अतिशय अदबीनं केक घेतला, फार छान झालं म्हणाला, हवेबद्दल दोन वाक्यं बोलला... आणि ताई पायरीवरूनच परत आली. तडक आमच्याकडे. "त्यानं बोलवलं होतं की नव्हतं?" मी पुण्याचा. 'या हं एकदा घरी' ऐकून कुणी खरंच आलं तर यजमानाचा चेहरा कसा होतो, हे मी लहानपणापासून पाहत आलोय. मी तिला तेच समजावलं. तिचे डोळे भरले. "माझी आई 'ये' म्हणायची ना, तेव्हा ती मीन करायची," ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिनं परतीच्या विमानांची चौकशी केली.

तिला थोपवलं ते कचऱ्याच्या बिननं. आमच्याकडे कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, कचरागाडी यायच्या आदल्या संध्याकाळी ही चाकांची बिन रस्त्यावर नेऊन ठेवायची आणि रिकामी झाली की आत आणायची, हे काम ज्याचं त्यानं करायचं. एकदा ताई सहज बोलून गेली, "एक गोष्ट मात्र मानली पाहिजे, तुमची कौन्सिल फार छान. माझा बिन ते घेऊन जातात, परत दाराशी आणून ठेवतात. मी मुलाला पण लिहिलं." मी हातातली बशी खाली ठेवली. "ताई, कौन्सिल फाटकसुद्धा लावत नाही. तुझी बिन जेफ्री नेतो आणि आणतो. तू आलीस त्या आठवड्यापासून." तिनं खिडकीतून जेफ्रीच्या फाटकाकडे पाहिलं  आणि म्हणाली, "मग बोलायला काय होतं त्याला?"

"तू पण आता बोलू नकोस," मी हात जोडून सांगितलं. ऐकेल ती नीलाताई कसली. तिनं गल्लीच्या मधोमध जेफ्रीला कडकडून मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आभार मानले. तो कानापर्यंत लाल झाला. पुढच्या खेपेला तिची रिकामी बिन संध्याकाळपर्यंत रस्त्यावरच पडून राहिली. ताई खिडकीतून हलली नाही. "मी घालवलं, विनू. एकच माणूस होता, तो पण घालवला," असं म्हणाली. पण त्यानंतरच्या खेपेला बिन दाराशी होती. त्या दिवशी तिनं मुलाला फोन करून ओहायोचं घर विकायला सांगितलं.

पुढे कधी तिला लवकर जाग आली तर ती जेफ्रीची बिन ओढायची. त्या दोघांनी यावर कधी चकार शब्द काढला नाही, फक्त एक सोडून. तो तिची बिन आत नेऊ लागला की ही वरची खिडकी उघडून ओरडायची, "थँक यू, जेफ्री!" आणि तो मागे वळून न बघता नुसता हात वर करायचा. तिचा अमेरिकन हट्ट आणि त्याचा इंग्रज हट्ट, दोघांनीही सोडला नाही.

अंत्यविधीला जेफ्री जुना कोट इस्त्री करून आला होता. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, "नो ट्रबल ॲट ऑल, युअर नीला." याहून मोठी स्तुती या गल्लीत मी ऐकलेली नाही. ताईला मात्र भाषांतर करून सांगावं लागलं असतं. ती भांडलीच असती, की मी एवढा त्रास दिला तो गेला कुठे.

गेल्या आठवड्यात मुलगा येऊन घर रिकामं करून गेला. पडदेही काढले. परवा सकाळी रस्त्यावर चाकांचा खडखडाट ऐकू आला म्हणून मी खिडकीशी गेलो. जेफ्री नीलाताईची बिन आत नेत होता. तिच्यात आता काही नसतं, तरी आदल्या संध्याकाळी त्यानं ती बाहेर नेऊन ठेवली होती. मी या देशात उभं आयुष्य काढलंय. अशा वेळी पाहिलं न पाहिलंसं करून आत वळायचं असतं, हे मला पक्कं माहीत आहे. मी खिडकी उघडली आणि तिच्याच पट्टीत ओरडलो, "थँक यू, जेफ्री!"

तो थांबला. बिनच्या दांड्यावर हात ठेवून थोडा वेळ तसाच उभा राहिला... मग मागे वळून न बघता त्यानं हात वर केला.